नवरा नर्सिंग होममध्ये असेल तर बायकोने काय बघायचं, काय विचारायचं

आमच्या ह्यांना स्ट्रोक आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मोठ्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळाला खरा पण नाकात नळी, लघवीची पिशवी, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगी परदेशात. म्हणून पुण्यातल्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं, पाच महिने होते तिथे. तेव्हा जे ठेचा खाऊन शिकले ते लिहितेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी (आणि जणही) आत्ता कुठल्यातरी कॉटशेजारी स्टुलावर बसलेल्या असतील आणि सिस्टरला विचारू की नको, राग येईल का तिला, ह्या विचारात असतील. विचारा. पण कधी, कोणाला आणि काय विचारायचं ते ठरवून विचारा.

सगळ्यात आधी एक वही घ्या. साधी शंभर पानी चालेल. पहिल्या पानावर तुमच्या माणसाचं नॉर्मल लिहा. म्हणजे बीपी एरवी किती असतं, साखर किती, कुठल्या औषधाची ॲलर्जी, झोप कशी, चष्मा लागतो का, एका कानाने कमी ऐकू येतं का, दिवसातून किती वेळ जागे असतात. डॉक्टर पेशंटला पाच मिनिटं बघतात, आपण चाळीस वर्षं बघितलेलं असतं, पण ते आपल्या डोक्यात राहून उपयोग नाही. "आज ते जरा वेगळेच वाटतात" असं मी म्हणायचे तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर मान हलवून पुढे जायचे. वहीत बघून "काल दुपारी चारपर्यंत हाक मारली की डोळे उघडत होते, आज सकाळपासून तीनदा हलवलं तेव्हा एकदा उघडले, लघवी गढूळ आहे आणि पिशवीत सहा तासांत जेमतेम दीडशे एमएल आहे" असं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच तपासण्या लावल्या. लघवीचं इन्फेक्शन निघालं. अंगात ताप नव्हता, वयस्कर माणसात कधीकधी ताप येतच नाही, नुसती गुंगी नाहीतर भ्रम दिसतो. तर आकडा आणि वेळ सांगायची, तुम्ही घाबरलात ते नाही सांगायचं.

मग औषधं. डिस्चार्ज कार्डावरची औषधं, घरून नेलेल्या पट्ट्या आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली, असा तीन ठिकाणचा माल एका डब्यात जातो. ह्यांचं बीपी एकदा नव्वदवर आलं, हातपाय गार. मी डब्यातल्या पट्ट्या काढून मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या, नावं वेगळी, आणि आत दोन्हीत ॲम्लोडिपिनच, म्हणजे बीपीची तीच गोळी दोनदा चालली होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं पण कोणी बघितलंही नव्हतं. म्हणून ब्रँडचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव लिहा, पुढे किती मिलिग्रॅम आणि कशासाठी, आणि डॉक्टरांकडून एकदा ती यादी बघून सही घ्या. नवीन गोळी चालू झाली की कशासाठी आणि किती दिवस हे दोन प्रश्न विचाराच. झोपेची किंवा शांत करण्याची असेल तर जास्तच विचारा. नळीतून औषध जात असेल तर प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की एकदम सगळं औषध अंगात जातं. "ही कुटायची आहे का, पातळ औषध मिळेल का" हे तिथल्या मेडिकलवाल्यालाही विचारता येतं.

आता बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबाने होणारी जखम, इथे मी सगळ्यात जास्त सांगणारे कारण इथेच माझं चुकलं. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असं मला सांगितलं गेलं होतं आणि मी विश्वास ठेवला, ते खरं नाही, एअर बेडने दाब कमी होतो पण कूस बदलावीच लागते. रोज एकदा, डायपर बदलताना मावशींच्या बाजूला उभं राहा आणि माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, घोटे, कानामागे बघा. लाज वाटून घेऊ नका, नवराच आहे आपला. लाल डाग बोटाने दाबला की पांढरा पडून परत लाल होतो, दाबूनही रंग बदलला नाही तर ती जखमेची सुरुवात. आमचे हे सावळे, सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही, रुपयाएवढा काळपट भाग होता, हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम आणि घट्ट. मावशी प्रेमाने त्याच्यावर पावडर लावून चोळत होत्या, मीही चोळलं. अजिबात चोळू नका, त्या जागेवरचा भार काढणं हाच उपाय, आणि तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना दाखवणं.

त्या दिवशी मी कॉटला लटकवलेला, कूस बदलल्याच्या सह्यांचा चार्ट बघितला. घड्याळात साडेचार वाजलेले आणि चार्टवर सहाच्या पुढे सही झालेली, आठच्याही पुढे. मला रडायलाच आलं. पण त्या सिस्टरवर ओरडून काय झालं असतं, अठरा पेशंटना दोघीजणी, तीही कोणाची तरी लेक. मी त्या पानाचा फोटो काढला, वेळ दिसेल असा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्चार्ज सिस्टरांना बाजूला घेऊन दाखवला. मग व्यवस्थापकांच्या नावाने अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला, तारीख, काय दिसलं, काय हवं: दर दोन तासांनी कूस, प्रत्येक वेळी खरी वेळ टाकून सही, जखमेचं रोज ड्रेसिंग, मला आठवड्यातून एकदा जखमेचं माप. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि सही घेऊन परत आणली. तोंडी तक्रारीला "हो हो बघतो" असं उत्तर मिळतं, शिक्क्याच्या प्रतीला तसं मिळत नाही. जखम भरायला सात आठवडे लागले.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नळीतून फीड देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, तशीच. नळीवर आकडे असतात, नाकापाशी कुठला आकडा आहे तो वहीत लिहा, तो बदलला असेल तर नळी सरकलीय, फीड थांबवून सिस्टरला बोलवा. आणि कृपा करून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना हात जोडून सांगा की तोंडातून काही देऊ नका. आमच्या वन्सं मायेने चमचाभर शिरा घेऊन आल्या होत्या. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तो घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो, म्हणून मी त्यांना थांबवलं, त्या चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. चालेल. गिळण्याची तपासणी कधी करणार ते मात्र आपण विचारत राहायचं, नाहीतर नळी विसरली जाते. लघवीची पिशवीही अशीच, रोज विचारा की अजून गरज आहे का, आणि ती कमरेच्या खाली लटकलेली हवी, कॉटवर ठेवलेली नको.

वेळ साधणं महत्त्वाचं. ड्युटी बदलताना, हँडओव्हर चालू असताना, प्रश्न विचारू नका, पण शेजारी उभं राहून ऐका, काय राहतंय ते कळतं. राऊंडची वेळ माहीत करून घ्या आणि तीनच प्रश्न लिहून न्या, सातवा प्रश्न कोणी ऐकत नाही. मावशींचं, मामांचं नाव विचारा, नावाने हाक मारा, चांगलं केलं तर इन्चार्जसमोर सांगा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. सगळे माझ्याशीच बोलायचे, ह्यांच्या अंगावरून. मग आम्ही ठरवलं, डाव्या हाताने माझं बोट एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. त्यानंतर मी प्रत्येक डॉक्टरांना म्हणायचे, आधी ह्यांना विचारा. शुद्धीवर असलेल्या आणि समजणाऱ्या माणसाची संमती त्याची स्वतःची लागते, नवरा किंवा बायको त्याच्याऐवजी सही करू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समिरा कोहली केसमध्ये हे स्पष्ट केलंय. आणि व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा असेल तर ती लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाच्याच २०१८ च्या निकालाने परवानगी आहे, २०२३ मध्ये ते सोपं झालं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. हे बोलणं अवघड जातं, आम्हीही डोळ्यांत पाणी येऊनच बोललो, पण बोललो.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावावं लागतं. ठेवण्याआधीच नोंदणीचं सर्टिफिकेट बघा, कारण बरीच केअर सेंटर नर्सिंग होम म्हणून नोंदलेलीच नसतात, मग रात्री डॉक्टर कोण असतो ते लेखी विचारा. पेशंटच्या उपचारांचे पेपर मागायचा हक्क आहे, लेखी अर्ज दिल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. बिलाचा वाद आहे म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. आतल्या आत सुटलं नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पैशाची फसवणूक असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, शिक्क्याच्या चार अर्जांत काम झालं.

आणि स्वतःच्या गोळ्या त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, मी दोन महिने माझी थायरॉईडची गोळी विसरले होते आणि ते ह्यांच्या लक्षात आलं, माझा सुजलेला चेहरा बघून डाव्या हाताने माझ्या पर्सकडे बोट दाखवत राहिले, मला कळेपर्यंत.