गेम घेतला त्याच दिवशी इन्स्टॉलर उतरवून ठेवा

जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर गेम डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाशिवाय मिळतात, पण डाउनलोड करताना आधी गॅलेक्सी क्लायंट, म्हणजे जीओजीचं स्वतःचं अ‍ॅपच पुढे येतं. क्लायंट सोयीचा आहे, मीही वापरतो. पण पुढे खात्यात लॉगिन करता आलं नाही तरी चालेल अशी प्रत हवी असेल, तर ब्राउझरमधून लायब्ररीत जा, गेमवर क्लिक करा आणि ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर घ्या. मोठ्या गेमला सेटअपच्या ईएक्सई (.exe) फाइलसोबत गेमचा डेटा असलेल्या बऱ्याच बिन (.bin) फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात; माझी एकच राहिली होती आणि इन्स्टॉल मध्येच अडकलं. म्हणून नेट बंद करून एकदा चालवून बघाच, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. अपडेट आलं की नवा इन्स्टॉलर आपणच पुन्हा उतरवायचा.