नागपूरच्या उन्हात पाण्याचा ईसी बरोबर कसा मोजायचा

मे महिन्यात टाकीतल्या पाण्याचा ईसी (इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते तो आकडा) मोजला तर १२६० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर येतो अन् तेच पाणी डिसेंबरच्या सकाळी मोजलं तर ८००, मग लोकं म्हणतात बोअर बिघडली नाहीतर मीटर गेला. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात हो, बदललेलं असतं ते पाण्याचं टेम्परेचर. गरम पाण्यात क्षारांचे आयन जास्त सहज सरकतात, करंट जास्त वाहतो, दर डिग्रीला साधारण २ टक्के, म्हणून ईसी नेहमी २५ डिग्रीला किती भरला असता ते सांगायची पद्धत आहे.

आधी मीटर तपासा. ०.०१ मोलरचं पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण घ्या, २५ डिग्रीला ते १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर दाखवतं. तयार बाटली मिळते, नाहीतर कोरडं शुद्ध पोटॅशियम क्लोराईड ०.७४५ ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटरमधे १ लिटर करा. प्रोब (मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक) आधी डिस्टिल्डने अन् मग थोड्या त्याच द्रावणाने धुवा, बुडवून हलवा म्हणजे बुडबुडे निघतात (एक बुडबुडा अडकला तरी रीडिंग खाली येतं), आणि मिनिटभर थांबा, कारण प्रोबला पाण्याचं टेम्परेचर पकडायला वेळ लागतो अन् इथेच सगळे घाई करतात.

आता मुख्य भानगड. तुमच्या मीटरमधे एटीसी (टेम्परेचरप्रमाणे आकडा आपोआप दुरुस्त करायची सोय) आहे का ते पॅम्फ्लेटवर बघा. असेल तर तो स्वतःच २५ डिग्रीचा आकडा देतो, त्यावर परत हिशोब करू नका, दोनदा दुरुस्ती झाली की आकडा वाया गेला. नसेल तर थर्मामीटर बुडवा आणि असं करा:

२५ डिग्रीचा ईसी = रीडिंग ÷ (१ + ०.०२ × (टेम्परेचर − २५))

वरचं मे महिन्याचं पाणी ३८ डिग्रीचं, १२६० ला १.२६ ने भागा, १०००. डिसेंबरचं १५ डिग्रीचं, ८०० ला ०.८ ने भागा, तेही १०००. तेच पाणी ना!

पण हे २ टक्के सगळीकडे चालत नाहीत. पोटॅशियम क्लोराईडला १.९ च्या आसपास, आम्लांना त्याहून कमी, आणि एकदम शुद्ध पाण्याला तर ५ टक्क्यांच्या घरात. त्यामुळे माझं मत विचाराल तर फॉर्म्युल्यावर फार भरवसा ठेवण्यापेक्षा सॅम्पलचा ग्लास माठातल्या पाण्याच्या भांड्यात ठेवून २५ च्या जवळ आणा अन् मग मोजा. सॅम्पलमधे बर्फ टाकू नका, पाणी पातळ होऊन आकडाच बदलेल.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणाऱ्या पेनवाल्यांनो, तो पेनही ईसीच मोजतो अन् आतल्या आत ०.५ किंवा ०.७ ने गुणून दाखवतो, म्हणून दोन पेन जुळत नाहीत. संत्र्याच्या बागेसाठी मोजत असाल तर ईसीच लिहून ठेवा, बाजूला टेम्परेचर टाका. माती परीक्षणाच्या रिपोर्टात बहुतेक डेसिसिमेन्स प्रति मीटर असतं, तिथला १ म्हणजे आपले १००० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर.