इंग्रजीत कर्ता-क्रियापद जुळत नाही? या चुका टाळा

'माय फादर वर्क इन अ बँक.' तिसऱ्या पुरुषी एकवचनाला 'स' लावायचा हा नियम तोंडपाठ असलेली मुलंही हे वाक्य बिनदिक्कत लिहितात. याचं मूळ बऱ्याचदा आपल्या मराठीत असतं. 'बाबा बँकेत काम करतात,' असं आपण म्हणतो. आदरार्थी बहुवचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बाबा, आजोबा, सर हे कर्ते मनात अनेकवचनीच असतात. इंग्रजी क्रियापदाला असा आदर दाखवता येत नाही. माणूस एक असेल तर 'वर्क्स'च, मग ते शाळेचे मुख्याध्यापक असोत नाहीतर देशाचे राष्ट्रपती.

'सगळे आलेत' या सवयीतूनच 'एव्हरीबडी हॅव कम' येतं. एव्हरीबडी, एव्हरीवन, ईच हे शब्द एकवचनी आहेत, म्हणून 'हॅज'. केसांचंही तसंच. मराठीत ते 'आहेत', इंग्रजीत मात्र 'हर हेअर इज लाँग'. कात्रीचं उलटं: आपल्याकडे ती एक, तिकडे 'द सिझर्स आर'. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'स'सारखा आवाज असला तरी त्यांना 'इज'च लागतं. असे शब्द थोडेच आहेत, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

चांगलं लिहिणारेही जिथे चुकतात ती जागा वेगळी आहे. 'द प्राइस ऑफ टोमॅटोज हॅव गॉन अप.' मराठीत 'टोमॅटोचा भाव वाढला' म्हणताना 'भाव' क्रियापदाला खेटून असतो, त्यामुळे गफलत होत नाही. इंग्रजीत 'ऑफ'नंतरचा शब्द मधे घुसतो आणि क्रियापदाशेजारी 'टोमॅटोज' येऊन बसतात. वाढलं काय? भाव. म्हणून 'हॅज'. अशा वेळी 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा भाग बोटाने झाकून वाक्य वाचा. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक' हे वाक्य याच पद्धतीने सुटतं: मित्र अनेक, पण नाशिकला राहणारा एकच. इथे 'फ्रेंड्स'मधला 'स'ही गाळू नका.

'शी डझन्ट नोज' ही चूक नियम नुकता शिकलेल्यांची. 'डझ'ने 'स' घेतला की मूळ क्रियापद साधंच राहतं: 'शी डझन्ट नो'. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्यासोबत तर 'स' कुठेच येत नाही.

आता सरावाबद्दल. रिकाम्या जागा भरून हा विषय पक्का होतो असं मला वाटत नाही. रिकामी जागा दिसली की मेंदू आधीच सावध होतो, बोलताना तशी सूचना कोणी देत नाही. त्यापेक्षा 'आय गेट अप अ‍ॅट सिक्स, आय मेक टी' असा स्वतःचा दिनक्रम आठ-दहा वाक्यांत लिहा. मग तोच मोठ्याने आजोबांचा करून सांगा: 'माय ग्रँडफादर गेट्स अप अ‍ॅट सिक्स, ही मेक्स टी.' नंतर नकारार्थी: 'ही डझन्ट मेक टी.' शेवटी प्रश्न: 'डझ ही मेक टी?' मुद्दाम आजोबाच निवडा, कारण जीभ सवयीने अनेकवचनाकडे वळते ती तिथेच. अडखळलात तर पुढे रेटू नका, तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणा.