पहिली-दुसरीच्या मुलांना परसबागेची गोडी लावताना

गोव्यात लहान मुलांना बागकामाचा पहिला धडा द्यायचा असेल, तर जूनच्या मुसळधार पावसात घाई करू नये, कारण तांबड्या भाजीचे, म्हणजे लाल माठाचे, मोहरीहूनही बारीक बी पहिल्याच जोरदार सरीत वाहून जाते आणि त्याबरोबर मुलांचा उत्साहही ओसरतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडावेत.

सुरुवात अळसांद्यांनी, म्हणजे गोव्यातल्या टपोऱ्या चवळीने करावी. त्यांचा दाणा मोठा असल्याने लहान बोटांना सहज धरता येतो, आणि रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराइतका खोल पेरला की साधारण ४ ते ६ दिवसांत अंकुर वर येतो. सहा वर्षांच्या मुलाचा धीर जेमतेम तेवढाच टिकतो. जांभ्याची माती उन्हात कडक होते, म्हणून तिच्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि ओल टिकण्यासाठी वर वाळलेला पाला पसरावा.

रोपे बहुधा मरतात ती अतिप्रेमाने, म्हणजेच अतिपाण्याने. मुलांना आधी मातीत बोट खुपसून ओल पाहायला शिकवावे आणि पाणी घालण्यासाठी बारीक भोके पाडलेली करवंटी द्यावी. एखादे रोप मेलेच, तर शिक्षकांनी गुपचूप दुसरे लावू नये; ते उपटून मुळे कुजली की कीड लागली, हे मुलांसोबत पाहावे.

त्यानंतर तांबडी भाजी पेरावी. ती महिन्याभरात काढणीस येते, आणि प्रत्येक मुलाने आपली जुडी घरी न्यावी. कांदा-खोबरे घालून केलेली ती भाजी एरवी नाक मुरडणारेही खातात.