पुळणीतली वाळू आणि नवी प्रजाती: सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी आपल्याकडची मुलं नवी प्रजाती म्हटलं की आंबोलीकडे बघतात. बेडूक, पाली, खेकडे. पण घाट उतरून खाली या. देवबाग-तारकर्लीच्या पुळणीत, आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी, गुहागरच्या ओल्या वाळूत ढीगभर काम पडून आहे. वाळूच्या कणांमधल्या पाण्यात जे प्राणी राहतात, ते एक मिलिमीटरच्या चाळणीतून खाली जातात आणि साधारण ४० मायक्रॉनच्या चाळणीवर अडकतात. यांना मेयोफॉना म्हणतात. हे बॅक्टेरिया नव्हेत. तोंड, मज्जासंस्था, बहुतेकांत नर-मादी, असे पुरते प्राणी आहेत. सूत्रकृमी सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांचे बारीक भाईबंद), आणि धीर धरलात तर टार्डिग्रेड (आठ पायांची 'पाणअस्वलं'), आणि कायनोऱ्हिंक, गॅस्ट्रोट्रिक असे कृमीसारखे बारीक जीव. लॉरिसिफेरा हा प्राण्यांचा आख्खा संघ (फायलम) १९८३ मध्ये अशाच बारीक जिवांतून जगापुढे आला.

भारतात हे काम जुनं आहे. विशाखापट्टणमच्या वाल्तेर किनाऱ्यावर गणपती आणि राव यांनी १९६०च्या दशकातच वाळूतल्या प्राण्यांवर लिहिलं. अलीकडे कोचीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या मंडपमच्या वाळूतून बॅटिलिपेस चांद्रयानी हा टार्डिग्रेड २०२३ मध्ये जाहीर केला. लांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर. आपल्या किनाऱ्यावर मात्र अजून फार कमी लोकांनी हात घातलाय, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

नमुने कधी घ्यायचे हे मला पुस्तकापेक्षा रापणीवरच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरच्या) एका काकांनी नीट शिकवलं. "पावसात वाळू भायर जाता, दिवाळीक परत येता." पावसाळ्यातल्या लाटा पुळण ओरबाडून वाळू आत समुद्रात नेतात आणि नंतर ती हळूहळू परत बसते. म्हणून एकाच जागी वर्षभर जा, नाहीतर प्राणी बदलले की वाळू बदलली हे कळणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती लांबवर जाते, तेव्हा एरवी न मिळणारा पट्टा मिळतो; तिथी बघून बाहेर पडा. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चमचाभर वाळूही उचलू नका.

प्राणी वाळूला घट्ट चिकटलेले असतात. लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (सहा रेणू पाणी असलेलं) विरघळवलं की ते समुद्राच्या पाण्याच्या तोलाचं होतं. त्यात वाळू दहा मिनिटं ठेवा, प्राणी गुंगतात आणि पकड सोडतात. मग बादली घुसळायची, वाळू खाली बसू द्यायची आणि वरचं पाणी बारीक चाळणीवर ओतायचं. हे चार-पाच वेळा. गॅस्ट्रोट्रिक आणि चपटे कृमी त्याच दिवशी जिवंत बघा, फॉर्मॅलिनमध्ये त्यांचा लगदा होतो. डीएनए करायचा असेल तर फॉर्मॅलिन नकोच, तो भाग वेगळा काढून कडक अल्कोहोलमध्ये ठेवा.

खरा वेळ सूक्ष्मदर्शकाखाली जातो. काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून त्याने प्राणी उचलायचा, ग्लिसरीनच्या थेंबात सोडायचा आणि काचपट्टी ठेवताना तो चिरडणार नाही इतकी काळजी घ्यायची. बॅटिलिपेसच्या प्रत्येक पायाला सहा बोटं असतात आणि बोटाच्या टोकाला चिकटणारी चकती. कुठलं बोट लांब, कुठलं आखूड, चौथ्या पायाची बोटं बाकीच्यांसारखीच लागली आहेत का, शेपटाकडचा काटा कसा आहे, यावर प्रजाती ठरते. पिल्लांना बोटं कमी असतात, म्हणून एकाच नमुन्यावरून निकाल देऊ नका. सूत्रकृमीत तर नर मिळेपर्यंत थांबा, त्याच्या जननकाट्यांशिवाय बरंच अडतं.

फोटो काढा, पण चित्रही काढाच. कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दिसू देणारं साधन) लावून पेन्सिलने रेष ओढताना प्रत्येक केस कुठून निघतो हे ठरवावं लागतं, तिथे 'असेल बहुतेक' चालत नाही. मला प्राणी खऱ्या अर्थाने दिसू लागले ते चित्रं काढायला लागल्यावर.

आता सगळ्यांत किचकट भाग. तुमच्या हातातला प्राणी नवा आहे हे तुम्हाला त्या वंशातल्या आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक प्रजातीशी ताडून दाखवावं लागतं. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८पासून मोजतात, म्हणजे जुने जर्मन आणि फ्रेंच निबंधही वाचणं आलं. 'वर्म्स' या सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीतून आधी यादी काढा, मग एकेक मूळ वर्णन मिळवा. मी तर म्हणेन, वाळू उपसण्याआधी सहा महिने हेच करा. त्यानंतर होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून एक नमुना ठरवायचा, त्याची नोंद आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश द्यायचे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचे नमुने ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली मुख्य संस्था, तिचं पश्चिम केंद्र पुण्यात आहे. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद हवीच, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत.

नोकरीचं खरं सांगते: केवळ वर्गीकरणावर पोट भरणाऱ्या जागा कमी आहेत. पण सूत्रकृमी किंवा कोपेपॉड ओळखता येणारा माणूस बंदरांच्या पर्यावरण अहवालांच्या कामातही लागतो आणि तशी माणसं मोजकी आहेत. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोची, पुणे ही दारं ठोठावा. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर मार्गदर्शक निवडायला मोकळीक मिळते. निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत डीआयसीची (पारदर्शक प्राणी उठावदार दाखवणाऱ्या प्रकाशरचनेची) सोय असलेला सूक्ष्मदर्शक आहे का आणि तो विद्यार्थ्यांना वापरू देतात का, हे आधी तिथल्याच मुलांना विचारा.