कम्युनिटी कॉलेजमधलं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट: फी बघू नका, वेळ मोजा

कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी सिव्हिलवाल्याने काम शोधायला सुरुवात केली की कुणीतरी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज, सुचवतंच. फी कमी, प्रवेश सोपा, क्लास संध्याकाळी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे, म्हणजे एका क्रेडिटचे, ४६ डॉलर पडतात. असोसिएट, म्हणजे इथली दोन वर्षांची डिग्री, ६० युनिटांची, म्हणजे सगळी मिळून फी २,७६० डॉलर. पुस्तकं आणि बारीकसारीक खर्च वेगळा. त्याच्या जोडीला दुसरा आकडा ऐकवला जातो: कन्स्ट्रक्शन मॅनेजरचा पगार, मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत वर्षाला १,०६,९८० डॉलर. निम्म्या मॅनेजरांना याहून जास्त, निम्म्यांना कमी.

हे दोन आकडे शेजारी मांडून खूश होऊ नका. दुसरा आकडा या डिग्रीचा नाहीच. ज्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने तो काढलाय, तेच खातं या पदासाठी नेहमीचं शिक्षण म्हणून बॅचलर्स लिहितं. शिवाय मॅनेजर म्हणजे साइटवर बरीच वर्षं काढलेला माणूस. असोसिएट संपवून पहिली नोकरी मिळते ती प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, फील्ड इंजिनिअर नाहीतर असिस्टंट एस्टिमेटरची, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढायला मदत करणाऱ्याची. ती वाईट नोकरी नाही, मी तिथूनच वर आले. पण घरचं बजेट त्या सहा आकडी पगारावर बसवू नका.

आता ज्यात मी स्वतः अडकले, ते सविस्तर सांगते, कारण याबद्दल कुणी नीट बोलत नाही.

सगळे म्हणतात, 'दोन वर्षं इथे कर, मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घे, अर्धी डिग्री स्वस्तात होते.' बॅचलर्स १२० युनिटांची, तुमची ६० झाली, राहिली ६०. कागदावर अगदी बरोबर. पण युनिव्हर्सिटी तुमची युनिटं दोन वेगळ्या पद्धतींनी घेते. एक, तुमचा विषय त्यांच्या अमुक विषयाच्या जागी धरला जातो. दोन, तुमचा विषय नुसता 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतो. दुसऱ्या प्रकारात युनिटं मोजली जातात, पण विषय सुटत नाही. कम्युनिटी कॉलेजात घेतलेलं एस्टिमेटिंग किंवा शेड्युलिंग हे खालच्या वर्गाचं काम समजलं जातं. तोच विषय युनिव्हर्सिटीत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असतो, आणि तो पुन्हा करावा लागतो. जे विषय खरोखर सुटतात ते वेगळेच: गणित, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी लेखन. आणि असोसिएटच्या यादीत नेमकं हेच गणित-फिजिक्स हलकं असतं. 'टेक्निकल मॅथ' नावाचा कोर्स डिग्रीला चालतो, ट्रान्सफरला बहुतेक ठिकाणी चालत नाही. माझ्या कौन्सेलरने दिलेली यादी असोसिएट पूर्ण करण्यासाठी अचूक होती. ट्रान्सफरसाठी ती निरुपयोगी होती, आणि या दोन वेगळ्या याद्या असतात हे त्या खोलीत कुणी उच्चारलंसुद्धा नाही.

टेक्सास, इलिनॉयसारख्या राज्यांत हीच डिग्री एएएस, म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणून मिळते. त्यातलं 'अप्लाइड' बघून थांबा. ती थेट नोकरीसाठी बांधलेली डिग्री आहे, पुढे शिकायचं असेल तर फार थोडं बरोबर येतं. कॅलिफोर्नियात राहत असाल तर पहिल्या सेमिस्टरच्या आधी असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आपलं कॉलेज आणि हवी ती युनिव्हर्सिटी निवडून विषयाला विषय जुळतो का ते बघा. सॅक्रामेंटो, चिको, फ्रेझ्नो, सॅन लुईस ओबिस्पो इथे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची बॅचलर्स आहे. प्रत्येकीची यादी वेगळी. छापून घ्या, कौन्सेलरसमोर ठेवा आणि विचारा, 'यातला कुठला विषय सुटतो?' उत्तर 'बहुधा' असं आलं तर ते 'नाही' समजा.

एवढं का ताणते आहे? कारण नुकसान फीचं होत नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. वर्षाचे पूर्णवेळ तास २,०८०. म्हणजे सगळ्यात तळाच्या पगारावरसुद्धा वर्षाची कमाई ३४,३२० डॉलर. एक सेमिस्टर वाया गेल्यामुळे पूर्णवेळ नोकरी सहा महिने लांबली, तर साधारण १७,००० डॉलर गेले, पूर्ण डिग्रीच्या फीच्या सहापट. स्वस्त कॉलेजात सावकाश शिकणं हा फार महाग प्रकार आहे. म्हणून हिशेब करताना युनिटचा भाव विसरा आणि 'मी कुठल्या महिन्यात पगार घ्यायला लागेन' एवढंच लिहून काढा.

आता घाबरू नका, कारण या डिग्रीतून पैसा निघतो, फक्त लवकर निघायला हवा. प्लॅन रीडिंग आणि एस्टिमेटिंग हे दोन विषय पहिल्याच सेमिस्टरला घ्या. ते झाले की अर्ज करायला लागा, डिग्रीची वाट बघू नका. लहान सबकॉन्ट्रॅक्टरला टेकऑफ करणारा, म्हणजे ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढणारा, माणूस कायम हवा असतो. इथे आपल्या डिप्लोमावाल्यांची बाजू भक्कम आहे. ज्याने महाराष्ट्रात मेजरमेंट बुक लिहिलंय, बार बेंडिंग शेड्यूल केलंय, रनिंग बिल तपासलंय, त्याला क्वांटिटी काढायला शिकवावं लागत नाही. शिकायचं ते मोजमाप. ब्रास जातो, क्युबिक यार्ड येतो, म्हणजे २७ घनफूट. १२ एमएमच्या सळईच्या जागी नंबर ४ येते, अर्ध्या इंचाची. टू-बाय-फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. आरसीसी आणि विटांची सवय असलेल्या डोळ्यांना लाकडी फ्रेमिंगचं घर सुरुवातीला तात्पुरतं वाटतं. ते शांतपणे एखाद्या साइटवर उभं राहून बघा, महिन्याभरात नजर बसते.

सॉफ्टवेअरचं वेड लावून घेऊ नका. ड्रॉइंगवर मोजमाप करायचं ब्लूबीम नीट शिका, प्रोजेक्ट सांभाळायचं प्रोकोर ओळखीचं असू द्या, बाकीचं कंपनी शिकवते. ओशा-३०, म्हणजे ३० तासांचा सुरक्षेचा कोर्स, अधिकृत संस्थेकडूनच करा. 'आठवड्यात पाच सर्टिफिकेट' विकणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या ओळखीतल्या कुणालाही त्या कागदांवर मुलाखत मिळालेली नाही. मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे: इंटरनेटवर सल्ले देणाऱ्यापेक्षा संध्याकाळच्या क्लासला शिकवायला येणारा सुपरिंटेंडेंट, म्हणजे साइटचा प्रमुख, शंभरपटीने बरा. तो दिवसभर साइटवर असतो आणि माणसं शोधत असतो. क्लास संपल्यावर थांबा, त्याच्या चालू कामाबद्दल विचारा. मला पहिलं काम अशाच एका गृहस्थांच्या शब्दावर मिळालं, आणि आरएफआय (ड्रॉइंगमधल्या शंकेचं लेखी विचारणापत्र) कसा लिहायचा, चेंज ऑर्डर (ठरलेल्या कामातला आणि रकमेतला बदल) कुठे दडलेली असते, हे त्यांनी शिकवलं तसं पुस्तकात नव्हतं. मुलींनो, साइटवर आपण कमी असतो, पण माप बरोबर असेल तर लोक ऐकतात. मनात भीती असली तरी जा.

नातेवाईक 'त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर' म्हणतील. ज्याला सिव्हिल आवडतं त्याने ऐकू नये.

व्हिसाचं मात्र स्पष्ट ऐका. भारतातून कर्ज काढून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, या डिग्रीसाठी येऊ नका. बाहेरच्या विद्यार्थ्याला युनिटचा भाव कित्येक पट पडतो, आणि स्टेम ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, २४ महिन्यांची वाढ असोसिएटला मिळत नाही. ती बॅचलर्सपासून पुढे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही आणि राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर कॅलिफोर्नियात रहिवाशाची फी लागू होऊ शकते. पण ईएडीशिवाय, म्हणजे काम करायच्या परवान्याशिवाय, काम नाही, आणि 'बिनपगारी येऊन बस' म्हणणाऱ्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरलाही नाहीच म्हणा. ईएडी यायला वेळ असेल तर पूर्णवेळ शिकायची घाई नको. गणित-फिजिक्स आधी उरका, एस्टिमेटिंग ईएडीच्या जवळ ठेवा, म्हणजे शिकलेलं शिळं होणार नाही.

बी. ई. सिव्हिल असाल तर पूर्ण असोसिएट करूच नका. तुमच्याकडे बॅचलर्स आहे. आपल्या डिग्रीचं इथल्या हिशेबाने मूल्यांकन करून घ्या आणि फक्त कन्स्ट्रक्शनचे विषय असलेलं सर्टिफिकेट करा. इतिहास आणि कला-समीक्षेची युनिटं परत भरण्यात वर्ष जातं. डिप्लोमावाल्यांना मात्र ही डिग्री खरोखर उपयोगी आहे, कारण आपला दहावीनंतरचा डिप्लोमा इथे अनेकदा बॅचलर्सच्या बराच खाली धरला जातो. आणखी एक फायदा कमी लोकांना माहीत असतो: पुढे स्वतःचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स काढायचं असेल, तर राज्याचं लायसन्स बोर्ड मागते त्या चार वर्षांच्या अनुभवात बिल्डिंग किंवा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमधली असोसिएट जास्तीत जास्त दीड वर्ष भरून काढते. ज्याला स्वतःचा धंदा करायचाय त्याच्यासाठी या डिग्रीची सगळ्यात मोठी किंमत मला यातच दिसते.

अजून निघाला नसाल तर तिकडची कामं आधी करा. मूल्यांकन करणाऱ्या बऱ्याच संस्थांना मार्कशीट थेट बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून हव्या असतात, आणि इथे बसून ते करून घेताना महिने जातात. जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यात नुसतं पद नको. किती मजल्यांची इमारत, कुठली कामं मोजली, किती रकमेची बिलं तपासली, हाताखाली किती माणसं होती, हे लिहून घ्या. 'वर्तणूक समाधानकारक' असल्या पत्राचा इथे काही उपयोग होत नाही.