इंजिन बांधायचं की दुसरं टाकायचं? ठरवायच्या आधी हे बघा

इंजिन गेलं असं मेकॅनिकने सांगितलं की बहुतेक लोक लगेच विचारतात, बांधायला (म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून परत जोडायला) किती लागतील आणि दुसरं टाकायला किती. तो प्रश्न नंतरचा आहे. आधी नेमकं काय गेलंय ते कळायला पाहिजे, कारण नुसती हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) उडाली तरी "इंजिन गेलं" म्हणतात आणि रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला तरी तेच म्हणतात, आणि या दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडी पाण्यात बंद पडली असेल तर स्टार्टर अजिबात मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो, आणि जे काम प्लग काढून पाणी बाहेर काढण्यात भागलं असतं ते अख्खं इंजिन खोलण्यावर जातं.

इंजिन फिरतंय तोवर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) करूनच घ्या. पेट्रोल गाडी असेल तर सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवायचा आणि एकेक सिलिंडर मोजायचा. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा, साधारण १० ते १५ टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी गडबड आहे. ज्यात कमी येतंय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, जागचा हलला नाही तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत तर बहुतेक त्यांच्या मधली गॅस्केट गेलीय. टायमिंग बेल्ट (वॉल्व आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा) तुटला तरी बऱ्याच इंजिनात वॉल्व वाकतात पण खालचं इंजिन शाबूत असतं, त्यामुळे अशा वेळी कोणी थेट पूर्ण इंजिन बदला म्हणालं तर आधी हेड उतरवून पिस्टन दाखवा म्हणायचं.

आता ऑइल फिल्टर. तो कापून आतला कागद उलगडून उजेडात धरा. चमकणारा चुरा दिसला तर लोहचुंबक फिरवा, चिकटला तर लोखंड, नाही चिकटला आणि तांबूस दिसतोय तर बेअरिंग खाल्लंय. मग चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून क्रँक (रॉड ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) बघावाच लागतो. क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावरून) नख फिरवायचं, नख अडकण्याइतका चरा असेल तर ग्राइंडिंग (जर्नल घासून परत गुळगुळीत करणं) आलं. पण तेवढ्याने क्रँक बाद होत नाही, पुष्कळ इंजिनांना घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारे ०.२५ किंवा ०.५० मिमीचे अंडरसाइज बेअरिंग मिळतात. तो आधीच शेवटच्या साइजला आलेला असेल किंवा त्याला तडा असेल तर मात्र तो गेला.

माझ्या मते सगळा निर्णय ब्लॉक आणि क्रँक या दोघांवर आहे. दोन्ही धड असतील, पार्ट मिळत असतील, लेथवाला नीट मोजून काम करणारा असेल आणि गाडी अजून काही वर्षं ठेवायची असेल तर बांधाच, कारण आत काय नवीन टाकलंय ते तुम्हाला माहीत असतं. ब्लॉकला भोक पडलंय, क्रँकही गेलाय, किंवा गाडी इतकी तापली होती की हेड वाकलंय आणि फेसिंगला (घासून सपाट करायला) जाडीच उरलेली नाही, तर दुसरं इंजिन बघा.

पण असं वापरलेलं इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या वापराचा इतिहास तुमच्या बॉनेटखाली येतो. त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट मागा, ऑइल कॅपखाली दुधाळ थर आहे का बघा, चेंबर उतरवून बेअरिंग दाखवायला सांगा. इंजिन कोड तोच पाहिजे, नाहीतर सेन्सर, वायरिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांचा ताळमेळ बसवण्यातच जीव जातो. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घ्यायची पद्धत आधीच विचारून ठेवा. आणि गाडीत बसवायच्या आधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं सील नवीनच टाका, नंतर त्याच सीलसाठी गिअरबॉक्स परत उतरवायला लागतो.

दोन्हीपैकी काहीही केलं तरी तुमचं आधीचं इंजिन का गेलं ते सापडलं पाहिजे. रेडिएटर चोक असेल आणि तोच परत लावला तर नवीन इंजिनही तापणार. बेअरिंग गेलं होतं तर ऑइल कूलर बदला, त्याच्या आत चुरा अडकून बसतो आणि फ्लश करूनही पूर्ण निघेलच असं नाही. टर्बो असेल तर त्याची ऑइल लाइनही बघून घ्या.

कोटेशन लेखी घ्या, त्यात लेथकाम, गॅस्केट किट, हेड बोल्ट, कूलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहायला लावा, हेड बोल्ट जुनेच वापरणार असतील तर त्या इंजिनात ते चालतात का ते विचारा. बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर ऑइल प्रेशर आलं का ते बघितल्याशिवाय रेस देऊ द्यायची नाही, आणि पहिलं ऑइल-फिल्टर नेहमीच्या बरंच आधी बदलायचं, तो फिल्टरही कापून बघायचा.